एनिडचा चमचा

पत्र्यावर हातोडा पडल्याचा आवाज आला आणि मी भर रस्त्यात भाजीच्या पिशव्या खाली ठेवल्या.

ठण्. ठण्. मग थोडं थांबून पुन्हा ठण्.

एप्रिल होता, एक्क्याण्णव साल. गाव लीड्स, इंग्लंडच्या उत्तरेला, जिथं एप्रिलातसुद्धा दोन स्वेटर चढवल्याशिवाय दाराबाहेर पडता येत नाही. आणि मी पुण्याच्या तांबट आळीतली, पोटफोड्यांची हेमलता, लग्न करून करडे झालेली. आमच्या आळीत सकाळ व्हायची तीच ठोक्यांनी. घराघरात बंब, घागरी, हंडे ठोकणं चालायचं. पाहुणे आले की कानांवर हात ठेवायचे. आम्ही पोरं त्यातच अभ्यास करायचो आणि दुपारी त्यातच गाढ झोपायचो. सहा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. फेब्रुवारीत अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. तार मिळेपर्यंत तिसरा दिवस उलटला होता, म्हणून गेलेच नाही. धड रडलेही नव्हते. आणि आता परक्या गावात, चर्चच्या मागच्या हॉलमधून कोणीतरी पत्रा ठोकत होतं. माझे पाय आपोआप तिकडे वळले. पिशव्या रस्त्यातच राहिल्या, हे घरी गेल्यावर आठवलं.

हॉलच्या मागच्या अंगणात एक उंच, किडकिडीत काळा म्हातारा डोक्याला टोपी घालून तेलाच्या पिंपावर वाकला होता. पिंपाचा तळ तो वरून ठोकून ठोकून आत खोलगट करत होता, परातीसारखा. पण हात थरथरत होता. नेम एकीकडे धरायचा आणि ठोका दुसरीकडे पडायचा.

"अहो, फाटेल ते!" मी चक्क मराठीत ओरडले. मग भानावर येऊन इंग्रजीत म्हटलं, "एकाच जागी दोनदा मारताय तुम्ही. भोक पडेल."

त्यानं मान वर केली. "तुला काय ठाऊक?"

"माझ्या वडिलांनी जन्मभर हेच केलंय."

"तुझा बाप पॅन बनवायचा?"

"घागरी बनवायचे. पाण्याच्या. तांब्याच्या."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. साडी, वर दोन स्वेटर, कुंकू, पायात बूट. ध्यानच दिसत असणार मी. मग त्यानं हातोडा माझ्यापुढे धरला. "मग दाखव."

त्याला हे किती सहज म्हणता आलं! माझ्या घरात तेवीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. अण्णांचं ठरलेलं वाक्य होतं, "पोरीनं भांडं धरावं, हातोडा नाही." मी तासन्‌तास भांडं धरलंय. एक ठोका पडला की बोटभर फिरवायचं, दुसरा पडला की पुन्हा बोटभर. एका जागी दोन ठोके पडले तर ज्यानं धरलंय त्याच्या पाठीत धपाटा. एकदा मी हट्टाला पेटले, हातोडा द्याच म्हणाले, तर अण्णा नुसते हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की लग्नाला विलायतेचं स्थळ सांगून आलं तेव्हा मी फोटोसुद्धा न बघता हो म्हटलं.

मी पदर खोचला आणि कडेपासून सुरुवात केली. एक ठोका, बोटभर पुढे, दुसरा ठोका. माझ्या हातांनी हे कधीच केलं नव्हतं, तरी हात चुकत नव्हते. एक फेरा पुरा झाला आणि मग मला जे रडू फुटलं, ते आवरेना. हातोडा चालूच आणि डोळेही चालूच.

"सेल्विन! त्या पोरीला का रडवतोस?" दारातून आवाज आला. एक ठेंगणी, गोल बाई पिवळं फडकं डोक्याला बांधून, चहाचा कप घेऊन उभी होती.

"मी काही केलं नाही. तीच आली आणि माझा हातोडा घेतला."

बाईनं पिंपात डोकावून पाहिलं, ठोक्यांवरून बोट फिरवलं आणि कप माझ्या हातात दिला. "साखर किती? तीन चमचे घातलीय. मंगळवारी आणि शनिवारी आम्ही इथं असतो. शनिवारी लवकर ये."

येशील का, असं तिनं विचारलं नाही. तीच एनिड.

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे बसच्या गॅरेजात मेकॅनिक. म्हणाले, "सेल्विन ना? आमच्याकडूनच रिटायर झाला. ती दोघं त्रिनिदादची. आणि त्या बाईपासून जपून. आमच्या फोरमनला तिनं पाच वर्षं मिरवणुकीचा ट्रक चालवायला लावलाय. तो वेस्ट इंडीजचा नाही की कुठला नाही, इथलाच गोरा. त्याला आता सोडवत नाही."

खरंच तशी होती ती. साठ साली नर्स म्हणून आलेली. त्यांच्या बेटावरचं हे वाद्य, तेलाच्या पिंपाचं, त्याला ते पॅन म्हणतात. पिंपाचा तळ खोलगट ठोकायचा, मग त्या खोलगट भागात छोटे मोठे फुगवटे काढायचे, आणि प्रत्येक फुगवट्यातून एक एक सूर. रबर गुंडाळलेल्या काड्यांनी वाजवलं की असा काही गोड आवाज येतो की हे पिंप आहे यावर विश्वास बसत नाही. या थंड गावात ते वाद्य टिकावं म्हणून एनिड तीस वर्षं झटत होती. कुणाकडून पिंपं, कुणाकडून हॉलची किल्ली, कुणाकडून शिवणकाम. ज्याला जे येतं ते त्याच्याकडून गोड बोलून काढून घ्यायची. तिथले लोक तिला मिस एनिड म्हणायचे. मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ उचलत नसे, त्यामुळे मला ते सोयीचं पडलं. म्हाताऱ्याला मी मिस्टर सेल्विन म्हणायचे. तो म्हणायचा, "माझ्या साहेबानं कधी म्हटलं नाही, तू कशाला म्हणतेस?"

तर असं आमचं काम वाटलं गेलं. पिंप खोल ठोकायचं मी, सूर लावायचे त्यानं. सूर लावणं मात्र त्याच्या घरच्या परसात, बारीक हातोडीनं, कोपर बरगडीला दाबून धरून. तेव्हा तो कुणालाही जवळ उभं राहू द्यायचा नाही. वरच्या खिडकीत एनिड बसायची, हातात चहाचा चमचा. सूर जरा कुठं बिघडला की काचेवर टक्‌टक्. मी एकदा पिंप पोचवायला गेले तेव्हा पाहिलं. खाली सेल्विन टिंगटिंग करतोय, वर हिचं टक्‌टक्, आणि हा वर न बघता शिव्या देतोय.

"तिच्या कानाची शपथ घेऊन सांगतो," तो म्हणाला, "स्वयंपाकघरात कांदे परतत असली तरी तिला कळतं. तेहेतीस वर्षांत एक चूक सोडली नाही तिनं माझी."

"मग बायको कुणाची!" मी म्हटलं. तो खो खो हसला.

जूनपासून एनिड हॉलवर यायची थांबली. पोटाचं दुखणं होतं. जुलैच्या शेवटी तिला जिना उतरवेना आणि डॉक्टरांनी हात टेकले. तिकडे सेल्विनचा हातही पार गेला. वाजवायला जमायचं त्याला. पॅनवर लांब सूर काढायचा तर दोन्ही काड्या भराभर थरथरवाव्या लागतात, तो म्हणायचा, "आता मेहनत पडत नाही, हात आपणच थरथरतो." पण बारीक हातोडी धरून सूर लावणं संपलं. त्या उन्हाळ्यातली शेवटची दोन पॅनं बर्मिंगहॅमच्या माणसाकडून लावून आणली.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी तिथं त्या लोकांची मोठी मिरवणूक असते. त्याआधीच्या गुरुवारी एनिडनं मला वर बोलावलं. पलंगावर बसलेली, निम्मी झालेली, पण डोक्याचं पिवळं फडकं चापूनचोपून.

"पलंगाखाली बघ," ती म्हणाली.

खाली एक जुनं पॅन होतं, चादरीत गुंडाळलेलं. बाकीच्यांसारखं चकचकीत नाही, काळपट, कडेला गंज धरलेला.

"अठ्ठावन्न साली सेल्विननं बनवलेलं. आमच्या घरासमोरच्या चिंचेखाली बसून हेच वाजवायचा. माझा बाप काठी घेऊन धावायचा. हा पळायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एकच गाणं, रोज. बोटीतून येताना सतरा दिवस मांडीवर घेऊन बसला होता, सामानात टाकू दिलं नाही." तिनं दम घेतला. "सोमवारी बँड आमच्या गल्लीत वळेल, मी सगळं ठरवलंय. खिडकीखाली थांबतील आणि सेल्विन ह्याच्यावर ते गाणं वाजवेल. एकदाच. मग माझं काही मागणं नाही."

"वाजवतील की."

"वाजवील गं, पण ह्या पॅनचा अवतार बघ! तुला धातू कळतो. घासून दे. शनिवारी आण."

मी ते पॅन पोटाशी धरून घरी आणलं. राखेनं, मग तेलानं, मग मऊ फडक्यानं घासलं. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी होती माझी, सुट्ट्या चालू होत्या, वेळच वेळ. शुक्रवारी दुपारपर्यंत ते आरशासारखं झालं. आणि उजेडात धरलं तर काय, बाहेरच्या फेरीतल्या तीन मोठ्या फुगवट्यांवर पोचे! बारीक बारीक, नखाएवढे, पाच-सहा. नव्या पॅनांवर असं मी कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, पलंगाखाली सरकवताना, बोटीतून उतरवताना लागले असणार.

आता ज्याला तांबट म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याला सांगते. आमच्याकडे कल्हईला, घासायला, नुसतं कडी बसवायला जरी भांडं आलं, तरी ते पोच्यासकट परत द्यायचं नाही. गिऱ्हाइकानं सांगितलेलं असो वा नसो. पोचा ठेवून भांडं घरी गेलं म्हणजे आमचं नाक कापलं गेलं. अण्णा तर म्हणायचे, पोचा दिसला आणि हात शिवशिवला नाही तो तांबट कसला.

माझा हात शिवशिवला. माझ्या नवऱ्याची छोटी हातोडी घेतली, खालून लाकडाचा ठोकळा लावला आणि अर्ध्या तासात तिन्ही फुगवटे कसे गुळगुळीत करून टाकले. काय तो अभिमान वाटला मला! अण्णा, बघा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या घरात.

वाजवून बघावं हे डोक्यात आलं नाही. दुसऱ्याचं वाद्य आपण कशाला वाजवा, असा वर सोवळेपणा. शनिवारी सकाळी निघताना आणखी एक केलं. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात बेसनाचे चार लाडू ठेवले.

सेल्विननं दार उघडलं. चादर बाजूला केली, चकाकी बघून "ओहो" म्हणाला, लाडू बघून हसला, ते काढून बशीत ठेवले. मग खिशातून काडी काढून सहज कडेच्या सुरावर मारली.

धब्.

त्याचं हसू तसंच राहिलं. दुसऱ्यावर मारली. धब्. तिसऱ्यावर मारली. धब्. लाकडी पाटावर मारावं तसं.

"कुणी हात लावला ह्याला?"

"मी," म्हटलं. "पोचे होते. तीनच ठिकाणी. काढले."

तो फुगवट्यावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाला, "ते माझे ठोके होते, हेमा. सूर त्यात होता. अकरा दिवस लागले होते मला तेव्हा. अकरा दिवस."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत हसत म्हणतो. त्या दारात उभी असताना मला कळलं की ह्यात हसण्यासारखं काही नाही. परवा सोमवार. वर ती बाई दिवस मोजतेय. मी पाया पडायला वाकले, तर तो मागे सरकला.

"घरी जा," म्हणाला. "कृपा करून घरी जा."

घरी येऊन मी हातोडी कोळशाच्या खोलीत फेकली. हे म्हणाले, "बर्मिंगहॅमवाल्याला बोलवा." मी म्हटलं, "तो सगळ्या बँडांच्या मागे पळतोय, मिरवणूक तोंडावर आलीय, कोण येतंय?" जेवणही गेलं नाही. सारखं मनात यायचं, अण्णा बरोबर म्हणत होते. पोरीनं भांडं धरावं.

दुपारी तीन वाजता बेल वाजली. दारात सेल्विन, टोपी हातात.

"एनिडनं पाठवलंय. हातोडी घेऊन चल म्हणाली."

"त्यांना सांगितलंत तुम्ही?"

"सांगावं कशाला लागतं? तीन धब् ऐकले तिनं वरून." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "ती म्हणते, तुझा कान आहे, हात नाही. तिचा हात आहे, कान नाही. दोघं मिळून एक माणूस होतंय तर भांडता कशाला?"

मी कोळशाच्या खोलीत गुडघ्यांवर बसून हातोडी शोधली.

त्यांच्या परसात, खिडकीखाली, आम्ही शनिवारची दुपार आणि रविवारचा अख्खा दिवस बसलो. तो काडीनं वाजवायचा, कान पुढे करायचा आणि सांगायचा. "खालून. हलका. आणखी हलका, बाई, माशी बसल्यासारखा. आता वरून, कडेला. थांब!" मी श्वास धरून मारायचे. जन्मात मी इतकं हलकं काही केलं नव्हतं. वरून टक्‌टक् यायचं, की आम्ही पुन्हा पहिल्यापासून. चिडून मी एकदा मराठीत काहीतरी पुटपुटले, तर तो म्हणाला, "काय म्हणालीस ते कळलं नाही, पण माझंही तेच मत आहे."

रविवारी अकराच्या सुमाराला पहिला सूर जागा झाला. टिंग झालं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वरून काही आवाज नाही. म्हणजे बरोबर! चार वाजता दुसरा लागला. तिसरा काही केल्या लागेना. वाजायचा, धब् नव्हता आता, पण वाकडा. बाकी सगळ्यांबरोबर चालताना हा एकटा लंगडत चालल्यासारखा. सात वाजेपर्यंत आम्ही त्याच्या मागे होतो. वरून चमचा टक्‌टक् करून थकला आणि मग थांबला. एनिडला औषधानं झोप लागली होती.

सेल्विननं माझ्या हातातून हातोडी काढून घेतली. "पुरे. पत्रा दमला. आणखी मारलं तर फुटेल."

"तो सूर गाण्यात किती वेळा येतो?"

"एकदाच," तो म्हणाला. "अगदी शेवटी."

सोमवारी ऊन पडलं होतं, तिथं ऊन पडणं हीच एक बातमी असते. मिरवणूक मोठ्या रस्त्यानं निघाली, पिसं लावलेल्या बाया, ढोल, ट्रक. दुपारी बाराच्या सुमारास आमचा बँड त्यांच्या गल्लीत वळला. फोरमननं ट्रक बंद केला. वाजवणारे सगळे थांबले. वरची खिडकी उघडी होती आणि एनिडला उश्या लावून बसवलं होतं, पिवळं फडकं, ओठांना लाली. समोर खिडकीच्या चौकटीवर तिचा हात आणि हातात चमचा.

मी पलीकडच्या फुटपाथवर, लोकांच्या मागे. हात पदराखाली घेऊन उभी होते. सगळ्यांना माझे हातच दिसतायत असं वाटत होतं.

सेल्विननं गळ्यात ते पॅन अडकवलं, टोपी काढून एका पोरीकडे दिली आणि सुरुवात केली. मला त्यांच्या गाण्यातलं काही कळत नाही, गाढवाला गुळाची चव काय! पण ते ऐकताना कुणीतरी चिंचेखाली उभं आहे आणि कुणीतरी काठी घेऊन धावत येतंय, हे मला दिसलं. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. त्यांची सगळ्यांचीच चिंच कुठंतरी मागे राहिलेली. मला माझी आळी इतकी आठवली की तिथंच मटकन बसावंसं वाटलं. आणि एकीकडे मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, गाणं संपू नको रे, शेवट येऊ देऊ नको.

शेवट आला. सेल्विननं तो सूर वाजवला. वाकडा. भर गल्लीत, सगळ्यांसमोर, स्वच्छ वाकडा.

एनिडचा चमचा वर उचलला गेला. मी डोळे मिटले.

टक् आलं नाही. तिचं हसणं आलं. डोळे उघडले तर तिनं चमचा मांडीवर ठेवला होता आणि टाळ्या वाजवत होती.

"हाच!" ती वरून ओरडली. आवाज फाटलेला, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेला. "सेल्विन, हाच तो सूर! आमच्या अंगणात असाच वाजायचा, वाकडा! इकडे येऊन तू सरळ करून टाकलास आणि मी बोलले नाही कधी. आज घरचा वाटला बघ!" मग तिनं फुटपाथभर नजर फिरवली आणि मला नेमकं हुडकलं. "हेमा! काय लपतेस? ही माझी हेमा, तिनं आणला तो परत!"

लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी मला मिठी मारली. मी पदरातून हात बाहेर काढले आणि पोटभर रडले, अण्णांसाठी राहिलेलं सगळं. सेल्विन मान खाली घालून पॅनकडे बघत होता. मला वाटलं, तोही रडतोय.

सप्टेंबरच्या वीस तारखेला एनिड गेली. बँडच्या सगळ्यांनी तिला वाजवत नेलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मंगळवारी मी हॉलवर गेले. खरं तर निरोप घ्यायला. ती नाही तर आपलं इथं काय, असं वाटायचं. सेल्विन एकटाच त्या जुन्या पॅनला तेल लावत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मिस्टर सेल्विन, देवाची कृपाच म्हणायची. माझ्या हातून बिघडलं, पण मूळच्यासारखं बिघडलं. नाहीतर मी तोंड दाखवू शकले नसते."

त्यानं फडकं बाजूला ठेवलं.

"हेमा, ह्या पॅनमध्ये वाकडा सूर कधीच नव्हता."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवसापासून सरळ. असता तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं. तेव्हाही तिच्या हातात चमचाच असायचा. चिंचेखाली वाजवायचो ना मी, खिडकीतून टक्‌टक्. म्हणून तर तिच्याशी लग्न केलं."

मी शेजारच्या खुर्चीवर बसले.

"मिरवणुकीच्याच रात्री विचारलं मी तिला," तो म्हणाला. "म्हटलं, एनिड, जन्मात एक चूक माफ केली नाहीस आणि ती नेमकी आज? त्या गाण्यासाठी तू इतके दिवस थांबली होतीस. तर म्हणाली, तुझं गाणं मला पाठ आहे, ते कुणी बिघडवू शकत नाही. पण मी एक टक् केलं असतं ना, तर ती पोरगी पुन्हा हातोडा हातात धरणार नव्हती. मग माझ्यामागे ठोकणार कोण?"

मला एकदम फोरमनचा ट्रक आठवला. तीस वर्षं बँड असाच जमवला होता तिनं, आणि जाता जाता त्या खिडकीतून शेवटचं माणूस जमवलं होतं. त्यासाठी तिनं काय दिलं, ते मला त्या खुर्चीवर बसून कळलं.

कोपऱ्यात एक नवीन पिंप उभं होतं. मी पदर खोचला आणि कडेपासून सुरुवात केली.

ह्याला आता तीस वर्षांवर होऊन गेली. सेल्विननं मरायच्या आधी सहा वर्षं मला समोर बसवून माझा कान तयार केला. आता उत्तरेकडच्या कितीतरी बँडांची पॅनं सूर लावायला माझ्याकडे येतात. ते जुनं पॅन हॉलच्या भिंतीवर आहे. तो तिसरा सूर मला आज पाच मिनिटांत सरळ करता येईल. हात शिवशिवतो, खोटं कशाला बोलू. पण लावत नाही.

परवा एक नवीन बाई आली शिकायला, सेंट किट्स बेटावरची, तिशीतली. पहिलंच पिंप ठोकताना तिनं एका जागी दोन ठोके मारले आणि पत्रा टर्रकन फाटला. तिनं हातोडा खाली ठेवला, कोट घेतला आणि दाराकडे निघाली. तिचे हात कोटाच्या खिशात होते.

"अगं, कुठं चाललीस?" मी म्हटलं. "बस. चहा घे. माझ्या वडिलांची पहिली घागर अशीच फाटली होती."

"खरंच?"

"खरंच सांगते. अगदी अशीच, कडेला."

ती परत येऊन बसली. मी तिच्या चहात तीन चमचे साखर घातली.

अण्णांच्या हातून आयुष्यात एकही घागर फाटली नाही.